जुन्या खोकल्याचे जुने औषध छापायचे तर पूर्ण छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की पुण्यात खोकला सुरू होतो आणि त्यामागोमाग खोकल्याचे जुने उपाय छापून येऊ लागतात. 'पेशवेकालीन चाटण', 'अडीचशे वर्षांपूर्वीचा काढा' अशा मथळ्याखाली चार ओळी असतात: अडुळसा, पिंपळी, ज्येष्ठमध, मध, सकाळ-संध्याकाळ घ्यावे, खोकला पळतो. आम्ही आयुर्वेद आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी माणसे आहोत. उपाय जुने आहेत म्हणून आमची तक्रार नाही, त्यांतली बरीच औषधे आम्ही रोज शिकवतो. तक्रार अशी की ते अर्धे छापले जातात. अठराव्या शतकातला जाणता वैद्य आधी खोकला कोणता ते ठरवी, मग औषध तोलून घेई, आणि ते कशाबरोबर, किती दिवस द्यायचे ते सांगे. छापताना हे सगळे गळते आणि हाती उरते ती वनस्पतींची यादी.

खोकला कोणता, इथूनच सुरुवात करावी लागते. चरकाने खोकल्याचे पाच प्रकार सांगितले: वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. वातज म्हणजे कोरडी ढास, बरगड्या दुखतात, बेडका सुटत नाही. कफजात घट्ट पांढरा कफ, जडपणा, तोंडाला चव नाही. पित्तजात पिवळा कफ आणि जळजळ. क्षतजात छातीला इजा होऊन रक्त पडते. क्षयजात दुर्गंधी, पुवासारखा किंवा रक्ताचा बेडका, ताप आणि झिजत जाणारे शरीर. यांतल्या वातज आणि कफज खोकल्याचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत, हे छापील कृतींतून कधीच कळत नाही. कोरड्या ढाशेला आधी तूप, स्निग्ध पदार्थ, ऊब. कफाच्या खोकल्याला लंघन, तिखट, कोरडे औषध. कोरडी ढास लागलेल्या माणसाला सुंठ-मिरी-पिंपळीचे कोरडे चूर्ण चाटवले तर घसा आणखी सोलवटतो, आणि कफाने भरलेल्याला तूप पाजले तर छाती आणखी जड होते. औषध तेच, माणूस चुकीचा.

आणि पाचवा प्रकार, क्षयज, दुबळ्या रोग्यात बरा होत नाही, हे चरकाने स्वच्छ लिहून ठेवले आहे. म्हातारपणाचा खोकला याप्य, म्हणजे सांभाळत न्यायचा, असेही तिथेच आहे. बरे होणार नाही ते होणार नाही म्हणून सांगणे हा त्या वैद्यकाचाच भाग होता. थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. उपचारांची उणीव पेशव्याला नव्हती. त्या रोगावर चालणारे औषध तेव्हा ना पुण्यात होते ना लंडनमध्ये. क्षयाचा जंतूच १८८२ मध्ये सापडला आणि त्याला मारणारे पहिले औषध विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. म्हणून 'पेशवेकालीन औषधाने कसलाही जुना खोकला जातो' हे वाक्य वाचले की आम्हाला थेऊर आठवते.

आता तोल. जुन्या पोथीत 'मासा' हे वजन येते आणि लिहिणारा ते सरळ एक ग्रॅम धरून मोकळा होतो. शार्ङ्गधर या जुन्या वैद्यक-ग्रंथकाराच्या मानात ६ गुंजांचा एक मासा आणि १६ माशांचा एक कर्ष. सराफाच्या मानात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. दोन्हीकडे गुणाकार ९६ गुंजांवरच येतो, त्यामुळे कर्ष आणि तोळा जुळतात. मासा मात्र जुळत नाही. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर शास्त्रातला मासा पाऊण ग्रॅमच्या आत बसतो आणि बाजारातला जवळजवळ एक ग्रॅम भरतो. एकतृतीयांश फरक. सितोपलादीसारख्या औषधात तो खपून जाईल. अफू, बचनाग किंवा सोमल असलेल्या औषधात तो जिवावर बेतू शकतो.

सितोपलादी हे नाव सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याचेच पाहू. प्रमाण १६, ८, ४, २, १ असे उतरते: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोड्याचे दाणे २, दालचिनी १. घरी करायचे तर १६० ग्रॅम खडीसाखरेला ८० ग्रॅम वंशलोचन, ४० पिंपळी, २० वेलची, १० दालचिनी. एकूण ३१० ग्रॅम. प्रत्येक द्रव्य वेगळे कुटायचे, वस्त्रगाळ करायचे आणि मगच तोलायचे. कुटण्याआधी तोलले तर वेलचीची साले आणि पिंपळीचे देठ वजनात धरले जातात आणि चाळणीत राहून जातात. सगळे एकदम मिक्सरमध्ये फिरवले तर साखर तापून ओलसर होते, पिंपळीचे तंतू तिला चिकटतात आणि चूर्ण भरड राहते. भरड चूर्ण घशाला टोचते आणि रोग्याला तिथल्या तिथे उबळ येते. ते कोरडे तोंडात टाकू नये याचेही कारण हेच, श्वासाबरोबर आत जाते. मात्रा १ ते ३ ग्रॅम. कोरड्या खोकल्यात तुपात, कफ असेल तर मधात. दोन्ही घालायचे तर तूप आणि मध समभाग घेत नाहीत, एक कमी एक जास्त ठेवतात. मधुमेही लोक साखरेची चौकशी करतात: ३ ग्रॅम चूर्णात साधारण दीड ग्रॅम साखर जाते, पण चमचाभर मधातून त्याच्या कितीतरी पट. आणि शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, म्हणजे त्याचा गुण उतरतो. पुण्याच्या पावसाळ्यात ते त्याआधीच गोळा होते, म्हणून एका वेळी महिन्यापुरतेच करावे.

यातले वंशलोचन ही सगळ्यात मोठी अडचण आहे. ते बांबूच्या पेरात साठणारे सिलिकाचे खडे. अस्सल खडा निळसर पांढरा, थोडा पारदर्शक, जिभेला लावला तर चिकटतो आणि पाण्यात विरघळत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात त्या नावाने पुष्कळदा कृत्रिम खडे मिळतात, कधी तवकीर मिळते. तवकीर ओळखणे सोपे आहे. चिमूटभर पूड कढत पाण्यात ढवळा. खळ झाली तर तो स्टार्च. गार झाल्यावर त्यात जखमेला लावतात ते टिंक्चर आयोडीन थेंबभर टाका. निळे-काळे झाले तर संशयच उरत नाही. कृत्रिम खडे मात्र घरी ओळखता येत नाहीत. खोकल्याच्या तालीसादी चूर्णातल्या तालीसपत्राचे त्याहून वाईट. ते हिमालयातल्या एका देवदारवर्गी झाडाचे पान, पण काही बाजारांत त्याच नावाने टॅक्सस या दुसऱ्याच झाडाची पाने विकली जातात आणि ती हृदयाला विषारी आहेत. तालीसादी चूर्णाची कृती छापताना ही एक ओळ गाळणे आम्हाला धोक्याचे वाटते.

अडुळशाबद्दलही 'पानांचा रस काढावा' एवढेच छापतात. करून पाहा: ताजी पाने कितीही कुटा, बुळबुळीत चोथा होतो आणि रस थेंब-थेंब निघतो. म्हणून जुन्यांनी पुटपाक काढला. पाने पाणी न घालता वाटून गोळा करायचा, तो वड किंवा जांभळाच्या पानांत बांधायचा, वर बोटाच्या जाडीचा मातीचा लेप, आणि शेणींच्या निखाऱ्यात माती लाल होईपर्यंत ठेवायचा. गार झाला की फोडून फडक्यातून पिळायचा. लेप पातळ झाला तर तडकतो, वाफ निसटते, पाने करपतात आणि काळा, कडवट, जळका रस मिळतो. वाफेवर उकडून पिळला तरी काम होते. पोथीतली मात्रा रस एक पळ (चार कर्ष), मध एक कर्ष. म्हणजे जवळपास ४८ मिलिलिटर रस. आज आम्ही १० ते २० मिलिलिटरच्या वर सांगत नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन तयार झाले आणि त्यापासून अॅम्ब्रोक्सोल, म्हणजे आजच्या कफ पातळ करणाऱ्या बाटलीत अडुळशाचाच वंश आहे. पण व्हॅसिसीन गर्भाशयही आकुंचित करते, तेव्हा गरोदर बाईला अडुळशाचा रस देऊ नये. हे वाक्य आम्ही छापील कृतीखाली फार क्वचित पाहिले आहे.

आपल्या जुन्नरचे वैद्य-कवी लोलिंबराज यांच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथात खोकल्याची एक गुटिका आहे. लवंग, मिरी आणि बेहड्याची साल समभाग, तिन्ही मिळून जेवढे तेवढा कात, आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात खल. १०, १०, १० ग्रॅमला ३० ग्रॅम कात. आठ घटिकांत खोकला शमतो असे तिथे म्हटले आहे. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ३ तास १२ मिनिटे. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवायच्या आणि तोंडात धरून चघळायच्या, पाण्याबरोबर गिळायच्या नाहीत. गिळली तर घशाला कात लागतच नाही. लेखकाने वेळ दिली हे आम्हाला फार मोलाचे वाटते, कारण तेवढ्या वेळात ढास थांबली नाही तर आपला अंदाज चुकला हे वैद्याला लगेच कळते. घशातल्या खवखवीने येणाऱ्या कोरड्या खोकल्याला ही गोळी चांगली. ज्यांचा खोकला आम्लपित्त वर येऊन होतो त्यांना मिरी-लवंगेने तो वाढतो. आणि पानपट्टीचा कात वापरू नये, त्यात मातीची भेसळ असते.

सगळेच जुने पुन्हा करून पाहण्याजोगे नाही. चरकाच्या कासचिकित्सेत एक धूमपान आहे: मनशीळ, हरताळ, ज्येष्ठमध, जटामांसी, नागरमोथा आणि हिंगणबेट यांचा धूर ओढायचा, वर कोमट दूध गूळ घालून प्यायचे. मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकची गंधकयुक्त खनिजे. ती जाळली की धुरात सोमल तयार होतो. हा धूर आज कोणीही ओढू नये, आणि ओढवूही नये.

जुन्या विलायती औषधांचीही अशीच अर्धवट ओळख करून दिली जाते. १७८६ मध्ये संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला तेव्हापासून दोन्ही वैद्यके या शहरात शेजारी नांदली, म्हणून त्यांच्याकडचा जुना खोकलाही पाहायला हवा. तिकडे रक्त काढत, छातीवर फोड आणणारे लेप लावत, रानकांद्याच्या जातीचा कंद व्हिनेगर-मधात देत; आणि या सगळ्यात खरे काम बहुतेक वेळा अफू करी. पॅरेगोरिक म्हणजे अफू, कापूर, बडीशेपेच्या जातीचे तेल आणि लोबानाचे सत्त्व दारूत उतरवलेले. १७२१ मध्ये लंडनच्या औषधकोशात ते दम्याचे औषध म्हणून आले. १७३२ मध्ये थॉमस डोव्हर या इंग्रज वैद्याने आपले चूर्ण छापले: अफू १ औंस, सोरा ४, पोटॅशियम सल्फेट ४, ज्येष्ठमध १, इपिकॅक (ओकारी आणणारे एक मूळ) १. तांबड्यालाल तापलेल्या खलात सोरा आणि सल्फेट घालून ज्वाळा थांबेपर्यंत ढवळायचे, मग बाकीचे मिसळायचे. मूळ औषध गाउटचे, म्हणजे वातरक्ताचे, पुढे सर्दी-खोकल्यात ते सर्रास वापरले गेले. मात्रा ४० ते ७० ग्रेन. ११ भागांत १ भाग अफू, म्हणजे ६० ग्रेनमध्ये साडेपाच ग्रेन, साधारण ३५० मिलिग्रॅम. अफूत एकदशांश मॉर्फिन धरले तर ३५ मिलिग्रॅम. आज नवख्या रोग्याला मॉर्फिन तोंडाने ५ ते १० मिलिग्रॅमने सुरू करतात. हे औषध घेण्याआधी मृत्युपत्र करून ठेवा, असे काही औषधविके रोग्यांना सांगत, हे खुद्द डोव्हरनेच लिहिले आहे.

अफूने खोकला थांबतो, यात शंका नाही. मेंदूतली उबळच दबते. पण कफ जिथल्या तिथे राहतो, बद्धकोष्ठ होते, श्वास मंदावतो, आणि क्षयाच्या रोग्याला व घरच्यांना बरे वाटल्याचा भास होतो. आजही अफूतल्याच कोडीनचे सिरप जुन्या खोकल्यावर महिनोन्महिने घेणाऱ्यांचे हेच होते.

त्या शतकातली एक कृती मात्र आम्हाला मनापासून आवडते, कारण ती वाचून कोणीही तंतोतंत करू शकेल. प्लिमथच्या जॉन मज या शल्यवैद्याने १७७८ मध्ये ताज्या सर्दीच्या खोकल्यासाठी वाफारा घेण्याच्या, कथलाच्या मिश्रधातूच्या (प्यूटर) पेल्याची कृती छापली. पेल्यात साधारण एक पिंट, म्हणजे अर्धा लिटरभर, पाणी मावे. कान पोकळ, त्याला वर भोके आणि तळाशी पेल्यात उघडणारे तोंड. झाकणाला लवचीक नळी आणि बुचाची झडप. तीनचतुर्थांश गरम पाणी भरायचे, पेला फडक्यात गुंडाळायचा पण झडप झाकायची नाही, काखेशी ठेवायचा, पांघरूण गळ्यापर्यंत ओढायचे आणि नळीतून २० ते ३० मिनिटे श्वास घ्यायचा आणि सोडायचा. श्वास घेताना बाहेरची हवा कानातून खाली जाऊन पाण्यातून बुडबुडत वर येते आणि वाफ होऊन छातीत जाते. सोडताना झडप उचलली जाते आणि उबदार वाफ पांघरुणात पसरते, त्यामुळे घामही येतो. झडप झाकली गेली की सगळे बिघडते. झोपण्यापूर्वी तीन ड्रॅम (तीन छोटे चमचे) पॅरेगोरिक पाण्यातून, हे होतेच. मजने 'ताज्या' खोकल्यासाठी असे मथळ्यातच लिहिले. जुन्या खोकल्याचा दावा त्याने मथळ्यात केला नाही.

निदानाच्या बाबतीतही दोन्हीकडची माणसे एकाच जागी अडली होती. बेडका पाण्यात बुडतो की तरंगतो हे चरक पाहायला सांगतो, बुडाला तर लक्षण वाईट. ग्रीकांचीही तशीच परीक्षा होती. १७८० मध्ये एडिंबरोच्या एका तरुण विद्यार्थ्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात बेडका गंधकाच्या तेजाबात विरघळवून, वर पाणी घालून तो पू की नुसता शेंबूड हे ठरवण्याची रीत होती. त्याचे नाव चार्ल्स डार्विन, उत्क्रांतीवाल्या डार्विनचा काका. माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली त्याच १७६१ साली व्हिएन्नात आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची रीत छापली. निरोगी छाती जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखी वाजते. आत पाणी किंवा गाठ असेल तिथे आवाज बसतो.  ती रीत जवळपास ५० वर्षे कोणी मनावर घेतली नाही.

उपचारांतही एक साम्य चटका लावून जाते. आपल्याकडे यक्ष्म्याला शेळीचे दूध, शेळीचे मांस, शेळीचे तूप आणि शेळ्यांमध्ये झोपणे सांगितले. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये थॉमस बेडोज या डॉक्टरने क्षयाच्या रोग्यांना गाईंच्या सहवासात, त्यांच्या श्वासाच्या उबेत ठेवले. दोघांनीही रोग्याला ऊब आणि दूध दिले, ते चांगलेच झाले. पण क्षय गाईपासूनही माणसाला होतो, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

पूर्ण लिहिल्याने काय होते याचे उदाहरण पुण्याचेच आहे. कापलेले नाक कपाळाच्या कातडीने जोडण्याची इथली शस्त्रक्रिया इंग्रज वैद्यांनी पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात तिची हकिगत आली. मेणाचा साचा नाकावर बसवून कपाळावर पसरायचा, रेघ आखायची, भुवयांमध्ये कातडीचा पूल ठेवायचा, कात पाण्यात कालवून पट्ट्यांना लावायचा, सुमारे पंचविसाव्या दिवशी पूल कापायचा, सगळे होते. त्या बळावर १८१४ मध्ये लंडनच्या एका शल्यवैद्याने ती यशस्वी केली. 'कपाळाची कातडी लावावी, नाक येते' एवढेच छापले असते तर काय झाले असते?

तेव्हा आमची मागणी छोटी आहे. कृतीबरोबर ती कोणत्या खोकल्याची, ग्रॅममध्ये तोल, अनुपान (कशाबरोबर घ्यायचे ते), दिवस आणि कोणी घेऊ नये, एवढे छापा. एक वर्षाखालच्या मुलाला मध देऊ नका, हे प्रत्येक चाटणाखाली असावे. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असलेल्यांना कोरडी ढास लागते. ती गोळी डॉक्टरने बदलल्यावर काही आठवड्यांत जाते, चाटणाने जात नाही. आणि चौकटीत, ठळक: खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासा. ही तपासणी आणि निघालाच तर क्षयाचे औषध, दोन्ही सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत आहेत. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून आलेला बेडका डबीत द्यायचा. तोंडातली लाळ दिली तर जंतू असूनही अहवाल कोरा येतो. डबी मोकळ्या हवेत भरायची, घरातल्या बंद खोलीत नाही.

छापण्याआधी एखादी कृती पडताळून हवी असेल, मासा-गुंज-ग्रॅमचा तक्ता हवा असेल, तर आम्ही तो विनामूल्य करून देऊ.

आपले,
आयुर्वेद व औषधनिर्माणशास्त्राचे काही अध्यापक,
पुणे